वाडीत माणसे किती?



दरवर्षी जूनमध्ये आमच्या महाविद्यालयात प्रवेशाची गडबड असते. प्रवेशअर्जात 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. एका वर्षी अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातून आलेला एक मुलगा हातात पेन धरून बराच वेळ टेबलापाशी उभा होता. मी विचारले, "काय अडलं?"

तो म्हणाला, "सर, गावाचं नाव लिहू का वाडीचं? गाव लिहिलं तर ते आमच्या घरापासून डोंगर उतरून तासाभराच्या वाटेवर आहे. आणि वाडी लिहिली तर ती कुणाला ठाऊकच नाही."

रकाना एकच होता. मी त्याला गावाचे नाव लिहायला सांगितले. त्याचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. आमच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७,२७,६९२ होती. शेवटचा '२' सुद्धा आपल्याला ठाऊक आहे! पण या मुलाच्या वाडीत किती माणसे राहतात, हे सांगणारा आकडा जनगणनेच्या छापील तक्त्यात कोठेही नाही. असे का व्हावे? आणि त्याने काही बिघडते का? आज आपण हेच पाहणार आहोत. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने लोकसंख्येत का डोकवावे, असे तुम्हाला वाटेल. थोडा धीर धरा. वाटेत घर्षणही भेटेल आणि आर्किमिडीजही.

गाव, गावठाण आणि वाडी

सरकारी दप्तरात 'गाव' या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. ज्या भूभागाची स्वतंत्र हद्द आखलेली असते, ज्यातील जमिनींना त्या गावाचे म्हणून क्रमांक दिलेले असतात, ते महसुली गाव. त्याच्या मधल्या वस्तीला गावठाण म्हणतात. पण डोंगराळ मुलखात सगळी माणसे गावठाणात राहत नाहीत. कोणी शेताजवळ, कोणी झऱ्याजवळ, कोणी रानाच्या कडेला राहते. दहा-वीस, कधी चाळीस-पन्नास घरे एकत्र येतात आणि वाडी होते. वाडीला नाव असते, देव असतो, पाणवठा असतो, कधी चौथीपर्यंतची शाळाही असते. मात्र स्वतःची हद्द नसते. ती मोठ्या गावाच्या हद्दीत मोडते.

जनगणनेच्या वेळी गणक वाडीवर जातो, दारोदार फिरतो, घरांचा नजरी नकाशा काढतो, माणसे मोजतो. वाडी वगळली जाते असे नाही. पण आकडे छापताना ते गावाच्या नावाखाली एकत्र केले जातात. चार वाड्यांचे आणि एका गावठाणाचे पाणी एकाच हंड्यात ओतावे, तसे हे होते. हंड्यात पाणी किती, ते कळते. कोणत्या कळशीत किती होते, ते कळत नाही.

माळीणची सकाळ

भोसरीहून नाशिकच्या रस्त्याने निघालात की चाकण, राजगुरुनगर, मंचर ही गावे लागतात. मंचरहून पश्चिमेला वळून घोडेगावमार्गे घोड नदीच्या खोऱ्यात वर वर जात राहिले, की डिंभे धरणाचा जलाशय दिसू लागतो. त्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी माळीण हे गाव होते. वस्ती बहुतांशी महादेव कोळी समाजाची. भाताची खाचरे, कौलारू घरे, मागे उभा डोंगर.

२९ जुलै २०१४ रोजी त्या परिसरात १०८ मि.मी. पाऊस पडला आणि तो थांबला नाही. ३० जुलैच्या सकाळी मागच्या डोंगराचा उतार सुटला आणि चिखल-दगडांचा लोंढा गावठाणावर आला. एस.टी.ची बस घेऊन आलेल्या चालकाला नेहमीच्या ठिकाणी गाव दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही बातमी कळली. या दुर्घटनेत १५१ जणांचा बळी गेल्याची नोंद आहे.

मदतीला आलेल्या लोकांसमोर पहिला प्रश्न होता, 'ढिगाऱ्याखाली किती माणसे आहेत?' जनगणनेच्या तक्त्यात माळीणची लोकसंख्या होती, सातशेच्या आसपास. पण ती साऱ्या महसुली गावाची, म्हणजे गावठाण आणि डोंगरात विखुरलेल्या वाड्या यांची मिळून होती. दरड कोसळली ती एका वस्तीवर. त्या वस्तीची माणसे किती, आणि त्यांतली त्या सकाळी घरी किती, याचे तयार उत्तर तक्त्यात नव्हते. पहिले काही दिवस आकडा बदलत राहिला.

वाडी तिथेच का?

'असल्या धोक्याच्या जागी माणसे राहतातच कशाला?' असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. त्याचे उत्तर भूगोलात आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकावर एक थर साचत गेले आणि थिजून त्यांचा काळा बेसाल्ट खडक झाला. सगळे थर सारखे कठीण नाहीत. काही टणक, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. घाटात रस्त्यासाठी खोदलेल्या कड्यात तो विटकरी पट्टा तुम्ही कधीतरी पाहिला असेल. पाऊसपाण्याने मऊ थर लवकर झिजतात, टणक थर कड्यासारखे उभे राहतात. त्यामुळे सह्याद्रीचा डोंगर जिन्यासारखा दिसतो. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा.

आता या जिन्याच्या एका पायरीवर काय काय असते, ते पाहा. वरच्या कड्यावरून निसटलेली माती आणि दगडगोटे पायरीवर साचतात, म्हणून शेतीला जमीन मिळते. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी तांबड्या थरापाशी अडते आणि पायरीजवळ झऱ्याच्या रूपाने बाहेर येते, म्हणून उन्हाळ्यातही प्यायला पाणी मिळते. आणि जागा जरा सपाट असते, म्हणून घर बांधता येते. माती, पाणी आणि सपाटी! डोंगरात माणसाला याहून अधिक काय हवे? पूर्वजांनी वाडीची जागा विचार करूनच निवडली होती.

पण याच तीन गोष्टी उलट बाजूने वाचा. वरून निसटून साचलेली माती म्हणजे खडकाला घट्ट न धरलेली, सैल माती. झरा म्हणजे त्या मातीच्या तळाशी पाणी पोहोचत असल्याची खूण. आणि सपाट पायरीच्या डोक्यावर पुढचा उतार उभा असतोच. ज्या कारणांनी वाडी वसली, तीच कारणे अतिवृष्टीत तिच्यावर उलटतात.

पाऊसही सगळीकडे सारखा नाही. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि बरेचसे पाणी माथ्याजवळच टाकतात. पिंपरी-चिंचवडला वर्षाला ७०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील लोणावळ्याला तो चार हजार मि.मी.च्या घरात जातो. आपल्या अंगणातल्या पावसावरून डोंगरातल्या पावसाची कल्पना करता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

माती जड झाली म्हणून घसरली?

दरड का कोसळते, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी सांगतात, 'पाण्याने माती जड होते म्हणून.' हे उत्तर तपासून पाहू.

एक लाकडी फळी घ्या. तिच्यावर वीट ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. काही कोनापर्यंत वीट हलत नाही, मग एकदम घसरते. तो कोन मोजा. आता विटेवर दुसरी वीट बांधून प्रयोग पुन्हा करा. वजन दुप्पट झाले. आता ती लवकर घसरेल असे वाटते ना? पण कोन जवळजवळ तोच येतो!

कारण असे. विटेच्या वजनाचे दोन घटक पडतात. एक उताराच्या दिशेने ओढतो, दुसरा विटेला फळीवर दाबतो. घर्षण या दाबावर अवलंबून असते. वजन वाढले की ओढ वाढते आणि त्याच प्रमाणात दाब, म्हणजेच घर्षणही वाढते. तेव्हा नुसत्या जडपणाने उत्तर पुरे होत नाही.

मग पाणी करते तरी काय? स्वयंपाकघरात जा. गरम पाण्याने धुतलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवला, की तो कधी कधी आपोआप सरकतो. पेल्यात अडकलेली हवा तापून प्रसरण पावते आणि पेल्याला खालून किंचित उचलते. ओट्यावरचा दाब कमी झाला, घर्षण कमी झाले, आणि ओट्याचा नकळतसा उतारही पेल्याला पुरला.

डोंगरात हवेचे काम पाणी करते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की आर्किमिडीजच्या सिद्धांताप्रमाणे ते पाणी कणांना वर उचलू लागते. पाण्याने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर मातीचे वजन सुमारे २ टन धरा. एक घनमीटर पाण्याचे वजन १ टन. म्हणजे कणांचा एकमेकांवरचा आणि खालच्या खडकावरचा दाब जवळजवळ निम्मा होतो. दाब निम्मा तर घर्षण निम्मे. खाली खेचणारी ओढ मात्र निम्मी होत नाही, कारण उताराने वाहणारे पाणीही मातीला आपल्याबरोबर खालीच ओढत असते.

आकड्यात पाहा. जी कोरडी माती ३५ अंशांच्या उतारावर कशीबशी टिकते, तिच्या घर्षणाचा गुणांक ०.७ असतो. तो निम्मा धरला तर ०.३५ होतो, आणि आता तीच माती सुमारे १९ अंशांपर्यंतच टिकू शकते. उतार तोच राहिला, माती तीच राहिली. पण जो उतार काल सुरक्षित होता, तो आज सुरक्षित नाही. प्रत्यक्षात मातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळे तिला धरून ठेवतात, म्हणून प्रत्येक पावसात प्रत्येक उतार कोसळत नाही. पण मुळे तुटली, उताराचा पाया खोदला, पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या, की हा आधार कमी होतो.

पाणी किती असते, याचाही हिशेब करा. एक हेक्टर जमिनीवर १०० मि.मी. पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजेच १,००० टन पाणी. सगळे मुरत नाही, बरेचसे वाहून जाते. जे मुरते, त्याचा प्रश्न असतो.

फेब्रुवारीचा आकडा आणि जुलैची रात्र

आता पुन्हा माणसांकडे वळू. २०११ च्या जनगणनेत गणकांनी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत घरोघर माहिती घेतली आणि १ मार्चच्या प्रारंभीची, म्हणजे मध्यरात्रीची, लोकसंख्या निश्चित केली. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. पुढच्या जनगणनेसाठी आपल्याकडे १ मार्च २०२७ हा दिवस जाहीर झाला आहे. देशभर एकाच वेळी मोजायचे तर हा काळ सोयीचा आहे. ऊन फार नाही, पाऊस नाही, वाटा कोरड्या असतात.

पण वाडीची माणसे वर्षभर तेवढीच असतात का? उदाहरणादाखल एक वाडी कल्पू या. यादीत २०० नावे आहेत. त्यांतली ३० माणसे चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला आहेत, २५ मुले आश्रमशाळेत राहतात, १५ माणसे वीटभट्टीवर गेली आहेत. फेब्रुवारीच्या रात्री वाडीत झोपणारी माणसे उरली १३०. जुलैमध्ये भाताची लावणी असते. वीटभट्ट्या बंद असतात. ती १५ माणसे परत आली, कारखान्यातली २० रजा काढून आली, हाताखाली मदतीला १० पाहुणे आले. माणसे झाली १७५. मोजणी कोरड्या दिवसांतली आणि दरड पावसातली! संकटाच्या रात्री १३० माणसे शोधायची की १७५, या ४५ च्या फरकाचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

सरासरीही अशीच फसवते. डोंगरी गावाची हद्द मोठी असते, तीत रान येते, कडे येतात. एकूण माणसांना एकूण क्षेत्रफळाने भागले की दर चौरस किलोमीटरला पन्नास-शंभर माणसे, असा विरळ आकडा येतो. पण २०० माणसांची वाडी २ हेक्टर जागेत दाटीने वसली असेल, तर त्या जागेपुरती घनता चौरस किलोमीटरला १०,००० होते. २०११ मध्ये पिंपरी-चिंचवडची घनता सुमारे साडेनऊ हजार होती! दरड काही सरासरीवर कोसळत नाही. ती २ हेक्टरांवर कोसळते.

इर्शाळवाडी

रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगड आहे. पुणे-मुंबई प्रवासात त्याचा सुळका तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी होती. तिथे गाडीचा रस्ता नव्हता. पायथ्यापासून तासाहून अधिक चढण. १९ जुलै २०२३ रोजी रात्री तिच्यावर दरड कोसळली. त्याआधीच्या तीन दिवसांत तेथे सुमारे ५०० मि.मी. पाऊस झाला होता. मघाचे गणित लावा. हेक्टरी ५,००० टन पाणी.

शासनाने दिलेल्या माहितीनुसार वाडीची लोकसंख्या २२८ होती. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह सापडले होते, ५७ माणसे बेपत्ता होती आणि १४४ वाचली होती. बेरीज करून पाहा. २२८ येते. या बेरजेतला प्रत्येक एकक म्हणजे एक माणूस आहे.

आणखी एक गोष्ट शासनाने तेव्हा विधिमंडळात सांगितली. दरडीचा धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. त्याआधी, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. बातम्यांत नाव आले तळीयेचे; वस्ती होती कोंढाळकरवाडी. माळीण, तळीये, इर्शाळवाडी, तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच. उतारांचा नकाशा एका दप्तरात आणि माणसांचा आकडा दुसऱ्या दप्तरात. आकडा गावाचा, धोका वस्तीचा. दोन्ही एका कागदावर आले, तरच कोणत्या उताराखाली किती माणसे झोपतात हे कळेल आणि पावसाआधी त्यांना हलवता येईल.

हे जमण्यासारखे आहे का? अमेरिकेतही अशा वस्त्या आहेत, ज्यांना स्वतःची नगरपालिका नाही आणि कायदेशीर हद्दही नाही. १९५० पासून तेथील जनगणना खाते त्यांतल्या अनेक वस्त्यांभोवती केवळ मोजणीसाठी हद्द आखते आणि त्यांची लोकसंख्या वेगळी छापते. त्याने वस्तीला अधिकार मिळत नाहीत, पण ती आकड्यात दिसू लागते. आपल्याकडे वाडीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा देण्याची सोय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये आहे. पण दर्जा मिळेपर्यंत मोजायचे थांबायचे कारण नाही.

तुम्ही काय कराल?

तुमचे मूळ घर डोंगरातल्या वाडीत असेल, तर येत्या सुट्टीत एक वही करा.

पहिल्या पानावर वाडीचा नजरी नकाशा काढा. घरे, वाटा, ओढे, झरे, शाळा, देऊळ दाखवा. डोंगराचा उतार कोणत्या बाजूला आहे तो बाणाने दाखवा. उताराचा कोन मोजायला कोनमापक, दोरा आणि एक खडा पुरेसा आहे. कोनमापकाच्या मध्यातून दोऱ्याने खडा लोंबता सोडा आणि सरळ कडेवरून उताराच्या माथ्याकडे पाहा. कड आडवी असताना दोरा ९० अंशांवर असतो. तो तेथून जितका सरकेल, तितक्या अंशांवर माथा दिसतो.

दुसऱ्या पानावर घरांना क्रमांक द्या. प्रत्येक घरासमोर चार रकाने करा. यादीतली माणसे, आज रात्री घरी असलेली माणसे, बाहेरगावी असलेली माणसे, आणि ज्यांना उचलून न्यावे लागेल अशी माणसे, म्हणजे तान्ही मुले, आजारी, वृद्ध. ही मोजणी फेब्रुवारीत एकदा आणि जुलैत एकदा करा. वहीची एक प्रत सरपंचांकडे किंवा पोलीस पाटलांकडे द्या आणि एक वाडीबाहेर, खालच्या गावात ठेवा. वाडीतलीच वही वाडीबरोबर गाडली गेली, तर तिचा काय उपयोग?

तिसऱ्या पानावर डोंगराच्या खुणा लिहा. वरच्या उतारावर नवी भेग पडली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, नको तिथे नवा झरा फुटला, घराच्या भिंतींना तडे गेले, दारे चौकटीत अडू लागली, तर डोंगर हलू लागला असण्याचा संभव आहे. अशा वेळी मोठ्या माणसांना सांगा, १०७७ या क्रमांकावर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवा, आणि पाऊस थांबण्याची वाट न पाहता उताराखालून दूर व्हा.

तुम्ही शहरात राहत असाल, तर वर्गात विचारा. कोणाचे मूळ घर वाडीत आहे? पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावे मिळून १९७० मध्ये आपली नगरपालिका झाली. त्याआधी ही आपापल्या शिवारांची खेडीच होती. आज इथल्या कारखान्यांत यंत्रांपाशी उभी असलेली कितीतरी माणसे लावणीला डोंगरात जातात. वाडीची वही भरायला त्यांचीच मुले हवीत.

त्या मुलाला मी एकाच रकान्यात गावाचे नाव लिहायला लावले होते. आता कोणी तसे विचारले, तर मी म्हणतो, "गाव लिही, आणि शेजारी कंसात वाडीही लिही. जागा पुरेल."